दोन फोन, माप एकच

फोन घ्यायचा म्हटलं की आपल्या घरांत एक ठरलेला प्रश्न येतो, "कुठला चांगला?" दुकानदाराकडं याचं एक उत्तर असतं, शेजारच्या पोराकडं दुसरं आणि व्हिडिओत बोलणाऱ्या तरुणाकडं तिसरं. तिन्ही उत्तरांत आकडे भरपूर असतात. रॅम किती, कॅमेरा किती मेगापिक्सेल, बॅटरी केवढी. पण हा फोन कुणाच्या हातात जाणार आणि तो माणूस त्यावर दिवसभर काय करणार, हे क्वचितच कुणी विचारतं. कोडोलीतल्या आमच्या घरात गेली पाच वर्षं एकाच किमतीचे, एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी असलेले दोन फोन नांदताहेत. त्यांची तुलना आम्ही आधी कागदावर केली, मग रोजच्या वापरात. ती करताना जे कळलं ते फोनपेक्षा थोडं जास्त आहे, म्हणून लिहायला बसले.

पहिला फोन सॅमसंग गॅलेक्सी एम३१. तो २५ फेब्रुवारी २०२० रोजी भारतात जाहीर झाला. दुसरा रेडमी नोट ९ प्रो, तो १२ मार्च २०२० ला आला. दोन्ही फोनचं सहा जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेजचं मॉडेल जाहीर झालं तेव्हाची किंमत अगदी सारखी होती, १५,९९९ रुपये. बाजारात दोघांची झुंज लागणार हे उघड होतं. पण पंधरवड्यात टाळेबंदी आली आणि दुकानांची शटरं खाली आली. त्यातच १ एप्रिलपासून मोबाइलवरचा जीएसटी बारावरून अठरा टक्क्यांवर गेला. म्हणजे नुसत्या कराच्या हिशेबानं सोळा हजारांच्या फोनमागं साडेआठशेच्या आसपास रुपये वाढले. हातात पैसा कमी आणि फोनची गरज जास्त, असा तो काळ होता.

गरज का वाढली हे वाचकांना सांगायला नको. जूनमध्ये शाळा भरायच्या ऐवजी फोनवर भरू लागल्या. आमची थोरली तेव्हा अकरावी विज्ञानाला जाणार होती, धाकटा आठवीत. मुलांच्या अब्बांचा छोटा टेम्पो, पहाटे फजर झाली की भाजी घेऊन कोल्हापूरच्या मार्केट यार्डात जाणारा. त्यांचा जुना फोन दुपारीच मान टाकायचा. मी घरी शिलाई करते, माझ्याकडं बटणांचा फोन होता आणि त्यावर माझं भागत होतं. एका फोनवर घर चालणार नाही हे स्पष्ट होतं. एका फोनपुरती रक्कम यांच्या बचतीतून निघाली. दुसऱ्या फोनचे पैसे माझ्या भिशीतून आले. बारा जणींची आमची भिशी, महिन्याला दीड हजार, व्याज नाही, लिलाव नाही, नंबर चिठ्ठीनं. त्या वर्षी माझी चिठ्ठी वेळेवर निघाली, अल्हम्दुलिल्लाह.

दुकानात हप्त्यांचा आग्रह झालाच. "भाभी, रोख कशाला देता? शून्य टक्के व्याज आहे, सहा हप्ते." आपल्या घरांत व्याजाचा शब्द आला की पाऊल अडखळतं, आणि अडखळावंच. ठरलेल्या एका किमतीला उधारीवर वस्तू घेणं आणि मध्ये कर्ज देणारी कंपनी घालून तिला व्याज देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "शून्य टक्के"मध्ये बहुतेक वेळा दुसरी गोष्ट घडत असते. व्याज असतंच, ते किमतीत मिसळलेलं असतं, किंवा रोखीची सूट काढून घेऊन वसूल होतं, वर प्रक्रिया शुल्क निराळं. हे मी मनचं सांगत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा काही प्रकारच नसतो आणि त्या नावानं ग्राहकाला भुलवू नये. म्हणून हप्त्याचा कागद भरण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा, "रोख दिले तर कितीला देता?" दोन किमतींमधला फरक हेच त्या शून्याचं खरं मोल. आम्ही दोन्ही फोन रोखीनं घेतले.

आता फोनकडं वळू. दुकानदार जे आकडे घडाघडा म्हणतो ते दोन्हींचे जवळपास सारखे होते. रॅम सहा जीबी आणि सहा जीबी. स्टोरेज १२८ आणि १२८. प्रोसेसर दोन्हीकडं आठ कोअरचा आणि वेग दोन्हीकडं २.३ गिगाहर्ट्झ. दोन्हींत दोन सिम आणि मेमरी कार्डासाठी वेगळी जागा. दोन्हींत इअरफोनची जुनी गोल पिन. धाकट्यानं वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले आणि निम्म्या ओळींत त्याला "सेम" लिहावं लागलं.

पण "२.३ गिगाहर्ट्झ"पुढं त्यानं "सेम" लिहिलं, तिथं थोरलीनं त्याला थांबवलं. हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण पुष्कळ जण इथंच फसतात. गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके. ठोके सारखे म्हणून काम सारखं होत नाही. आपल्याकडं गुऱ्हाळं आहेत, त्यांचंच उदाहरण घ्या. दोन चरक मिनिटाला सारखेच फेरे घेतात. पण एकात एका फेऱ्याला दोन ऊस जातात आणि दुसऱ्यात चार. फेरे मोजून रस सांगता येत नाही. तसंच इथं. एम३१ मध्ये सॅमसंगचा एक्झिनॉस ९६११ हा प्रोसेसर आहे. त्यातले चार मोठे कोअर कॉर्टेक्स ए७३ या जातीचे, ती रचना २०१६ ची. नोट ९ प्रोमध्ये क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ७२०जी. त्यात मोठे कोअर दोनच, पण कॉर्टेक्स ए७६ जातीचे, रचना २०१८ ची. एका ठोक्यात ए७६ बरंच जास्त काम उरकतो. शिवाय ७२०जी आठ नॅनोमीटरच्या तंत्रानं बनलेला, ९६११ दहाच्या. हा आकडा जितका लहान तितकं साधारणपणे त्याच कामाला वीज कमी लागते आणि चिप कमी तापते. एका चिपमध्ये दोन तगडे गडी आणि सहा साधे, दुसरीत चार मध्यम आणि चार साधे, असा तो हिशेब. निव्वळ ताकदीत रेडमी पुढं होता, यात वाद नाही.

मग सॅमसंग कुठं पुढं? आधी पडद्यात. एम३१ चा पडदा ६.४ इंचांचा सुपर अमोलेड. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका चक्क विझलेला असतो. त्यामुळं काळा गर्द दिसतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर बॅटरी वाचते. नोट ९ प्रोचा पडदा मोठा, ६.६७ इंच, पण एलसीडी. त्यात मागं एक दिवा सतत जळत असतो, चित्र काळं असलं तरी. मात्र एलसीडीचाही एक गुण आहे. बरेच अमोलेड पडदे प्रकाश कमी केल्यावर अतिशय वेगानं लुकलुकत राहतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचं डोकं त्यानं दुखतं. ज्यांना असा त्रास आहे त्यांना एलसीडी बरा पडतो.

नंतर बॅटरी. सॅमसंगची ६,००० एमएएच, रेडमीची ५,०२०. म्हणजे सॅमसंगमध्ये जवळजवळ एक पंचमांश जास्त. पण मोठा हंडा भरायलाही वेळ लागतो. सॅमसंगबरोबर १५ वॅटचा चार्जर, रेडमीबरोबर १८ वॅटचा. एक पूर्ण भरायला अडीच तासांच्या आसपास, दुसरा दोन तासांच्या. मोठ्या बॅटरीचा एक फायदा जाहिरातीत कुणी सांगत नाही. बॅटरीचं आयुष्य ती किती वेळा पूर्ण भरली-रिकामी झाली यावर अवलंबून असतं. रोज एकदा भरावी लागणारी बॅटरी लवकर थकते, दीड दिवसानं भरावी लागणारी उशिरा. जिथं पावसाळ्यात वारा सुटला की वीज जाते तिथं ही गोष्ट आणखी महत्त्वाची.

कॅमेऱ्यात सॅमसंगचा ६४ मेगापिक्सेलचा आकडा रेडमीच्या ४८ ला दाबून टाकत होता. प्रत्यक्षात हे कॅमेरे चार-चार ठिपके एकत्र करून फोटो काढतात, त्यामुळं नेहमीचा फोटो सोळा आणि बारा मेगापिक्सेलचा निघतो. ट्यूबलाइटखाली वहीच्या पानाचा फोटो दोन्हींवर स्वच्छ आला, अक्षर न् अक्षर वाचता आलं. आम्हाला त्यापलीकडं काही नको होतं. अंगाबांध्यानं रेडमी जड, २०९ ग्रॅम, पुढं-मागं काच. सॅमसंग १९१ ग्रॅम, पाठ प्लॅस्टिकची. काच दिसायला देखणी, पण टेम्पोत फोन आपटतो तेव्हा प्लॅस्टिकची पाठ बरी.

त्या जूनमध्ये आणखी एक चर्चा घरोघरी होती. गलवानची चकमक झाली, महिन्याच्या अखेरीस ५९ चिनी ॲप्सवर बंदी आली आणि "चायनाचा फोन घेऊ नका" असे निरोप फिरू लागले. आमच्या दिरांनीही रेडमीला हरकत घेतली. देशाबद्दलची भावना रास्तच आहे. पण पेटी उघडून आत पाहिलं तर वेगळंच चित्र दिसतं. रेडमी ही चिनी कंपनीची, फोन जोडला भारतात. त्याची चिप आखली अमेरिकेच्या क्वालकॉमनं, तीही ब्रिटनच्या आर्म कंपनीच्या रचनेवर, आणि ती प्रत्यक्ष घडवली सॅमसंगच्या तंत्रानं. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सरही सॅमसंगचाच! सॅमसंग कोरियाची, पण तिचा प्रचंड मोबाइल कारखाना नोएडात, २०१८ साली उद्घाटन झालेला. बाजारात एकमेकांसमोर दंड थोपटणारे हे दोन पैलवान आतून एकमेकांचे भाऊबंद निघाले. आजच्या जगात फोनला एक देश नसतो, एवढं त्यातून कळलं.

तर तराजूच्या एका पारड्यात ताकद आणि मोठा पडदा, दुसऱ्यात बॅटरी आणि उजळ पडदा. मग चांगला कुठला? इथवर आल्यावर आकडे गप्प बसतात. पुढचं काम सांगतं.

आमच्या भागाला हा धडा नवा नाही. कोडोलीला लागूनच वारणानगर. १९९८ साली केंद्र सरकारच्या पुढाकारानं तिथं 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांत संगणक बसवले गेले. शेतकऱ्याला गावातच बाजारभाव, हवामान, सरकारी योजना असं सगळं मिळेल अशी कल्पना होती. त्या काळी खेड्यात संगणक म्हणजे अप्रूप! काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी येऊन पाहिलं, तर त्या संगणकांचं मुख्य काम एकच उरलं होतं. कारखान्याला किती ऊस गेला, वजन किती भरलं, खतं किती उचलली, याची माहिती गाव आणि कारखाना यांच्यामध्ये पोचवायची. तेवढ्यासाठी अख्खा संगणक, त्याची वीज, त्याची दुरुस्ती. म्हणून त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाच्या जागी साधे मोबाइल वापरून पाहिले. शेतकऱ्यानं एसएमएस पाठवायचा, उत्तर एसएमएसनं यायचं. खर्च कमी झाला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनाही ते जास्त पसंत पडलं. ताकदीत संगणक कितीतरी मोठा, पण उसाचं वजन कळायला छोटा मोबाइल पुरला. आकड्यांच्या स्पर्धेत हरलेलं यंत्र कामाच्या स्पर्धेत जिंकलं.

तीच रीत आम्ही घरात लावली. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला घरातल्या माणसांची नावं लिहिली आणि प्रत्येकापुढं त्याची कामं.

मुलांच्या अब्बांची कामं: पहाटेपासून संध्याकाळपर्यंत बाहेर, सतत फोन, उन्हात पडदा वाचणं, पावत्यांचे फोटो. त्यांना दिवसभर टिकणारी बॅटरी आणि उन्हात दिसणारा पडदा हवा. प्रोसेसरला फारसं काम नाही. सॅमसंग त्यांचा, हे लगेच ठरलं.

उरला रेडमी, आणि खरा पेच तिथं होता. धाकट्याचं म्हणणं तयार होतं. ७२०जी मधला "जी" गेमिंगचा, हे त्याला दुकानदाराआधी माहीत होतं. सगळ्यात वेगवान चिप, म्हणून तो फोन त्याचा. आपाला अभ्यासच करायचाय, तर तिला अब्बांचा जुना फोन चालेल. "व्हिडिओच तर बघायचे असतात तिला," असं त्याचं म्हणणं. त्याच्यावर मी रागावले नाही. तेरा वर्षांच्या मुलानं हे म्हणावं यात नवल काय? नवल वाटलं ते मोठ्यांचं. दुपारी आलेल्या एका नातेवाईक बाई म्हणाल्या, "मुलीच्या जातीला एवढा भारी फोन कशाला? मुलाला द्या, त्याला पुढं उपयोगी पडेल." त्या वर्षी अशी वाक्यं कितीतरी घरांत बोलली गेली असतील. घरात एकच फोन, तो आधी भावाचा, मग वेळ उरला तर बहिणीचा. शाळा खिशात आली खरी, पण खिसा कुणाचा हे आधीच ठरलेलं होतं.

मी वाद घातला नाही. थोरलीला म्हटलं, "तुझी कामंही लिही." तिनं लिहिलं: सकाळी तीन-चार तास ऑनलाइन तास. तास चालू असताना अर्ध्या पडद्यावर शिक्षक आणि अर्ध्यावर पुस्तकाची पीडीएफ. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, ती शेकडो पानांची. जर्नलच्या पानांचे फोटो काढून एकत्र करून पाठवणं. सराव परीक्षा, जिथं मध्येच ॲप अडलं तर वेळ जातो. मग तिनं दोन्ही नवे फोन समोर ठेवून तेच काम दोन्हींवर करून पाहिलं. नुसता व्हिडिओ पाहताना फरक नव्हता. व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये वेगळा भागच असतो, मोठ्या कोअरना त्यात फारसं काम नसतं. म्हणजे धाकट्याचं बोलणं तेवढ्यापुरतं बरोबर होतं. पण तास चालू ठेवून शेजारी जाड पुस्तकाची पानं भराभर उलटली, तेव्हा अडला कुठलाच नाही, तरी रेडमी पुढं राहिला. शिवाय पडदा मोठा, त्यामुळं अर्ध्या पडद्यावरही भौतिकशास्त्राच्या आकृतीतली बारीक अक्षरं वाचता येत होती. बॅटरीत सॅमसंग पुढं, पण ती घरातच असणार, चार्जर हाताशी. निकाल तिच्या कामांनीच दिला.

धाकट्याच्या यादीत दोन ओळी होत्या, शाळेचे तास आणि पबजी. शाळेचे तास दुपारचे, ते कुठल्याही फोनवर झाले असते. वेगवान चिप खरोखर लागत होती ती दुसऱ्या ओळीला.

मला तेव्हा सूरह मुतफ्फिफीनची आठवण झाली. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्यांना आणि दुसऱ्याला देताना माप कमी भरणाऱ्यांना त्यात कडक इशारा आहे. आपण ती सूरह दुकानदारांसाठी आहे असं समजतो. पण माप काय फक्त दुकानात असतं? मुलाला मोजताना "पुढं उपयोगी पडेल" आणि मुलीला मोजताना "चालेल की", ही दोन मापं झाली. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांचा प्रसंग हदीसमध्ये आहे. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांना साक्षी राहण्याची विनंती केली. प्रेषितांनी (स.) विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? उत्तर नाही आल्यावर त्यांनी साक्षी राहायला नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय करण्याची ताकीद दिली. त्या नातेवाईक बाईंना मी एवढंच म्हटलं, "भिशी माझी आहे, आणि मला उत्तरही द्यायचंय."

न्याय म्हणजे एकीला दिलं आणि दुसऱ्याला बसवलं असंही नव्हे. रेडमी सकाळी थोरलीचा, दुपारी तिच्या भावाच्या शाळेचा, अस्रनंतर पुन्हा तिचा. संध्याकाळी सॅमसंग घरी आला की धाकट्याचा गृहपाठ त्यावर. त्याला रोज एक तास खेळायला, तोही तास मोजून. सप्टेंबरच्या २ तारखेला सरकारनं पबजीवरच बंदी घातली आणि वहीतली ती ओळ आपोआप खोडली गेली. नेटवर्कचा त्रास दोन्ही फोनना सारखाच होता. तिथं कुठली चिप कामाला येत नाही. थोरली छपराच्या कडेला खुर्ची टाकून बसायची.

आता पाच वर्षांनंतरचा हिशेब. दोन्ही फोन चालू आहेत. दोघेही अँड्रॉइड १० घेऊन आले आणि दोघांचीही मजल अँड्रॉइड १२ वर थांबली. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं, त्याचा उपयोग दोघांनाही नाही, दोघेही ४जी. वय झालं तशी दोन्ही बॅटऱ्यांची ताकद उतरली, तो त्यांच्या रसायनाचाच धर्म आहे. ॲप्स दरवर्षी जड होत गेली, आणि तिथं २०१८ च्या रचनेच्या त्या दोन कोअरनी हात दिला. पहिल्या वर्षी जो फरक फक्त जाड पीडीएफमध्ये दिसत होता तो आता रोजच्या वापरात दिसतो. प्रोसेसरची ताकद विकत घेताना चैन वाटते. तिचा खरा उपयोग चौथ्या-पाचव्या वर्षी होतो. म्हणून ज्याला फोन जास्त वर्षं पुरवायचा आहे आणि ज्याचं काम जड आहे, त्यानं पैसे चिपवर घालावेत.

सॅमसंग गेल्या वर्षी सासूबाईंकडं गेला. वय सत्तरीपलीकडचं, नजर कमी झालेली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या, ठसठशीत अक्षरांत त्या कुरआनचं पठण करतात. अमोलेडचा काळा ठिपका विझलेला असतो, त्यामुळं बॅटरी उतरलेली असूनही दोन दिवस जाते. त्यांना चिप कुठली हे ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. थोरली बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे, रेडमी अजून तिच्याकडंच. त्यातल्या १२८ जीबीत अकरावीच्या जर्नलचे फोटोही तिनं ठेवलेत.

जे आता फोन घेणार आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी. गिगाहर्ट्झ आणि कोअरची संख्या पाहून थांबू नका, चिपचं पूर्ण नाव आणि ती कुठल्या वर्षाची आहे ते विचारा. "वाढीव रॅम" किंवा "व्हर्च्युअल रॅम" ही स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते, ती खऱ्या रॅममध्ये मिळवून मोजू नका. स्टोरेज यूएफएस आहे की ईएमएमसी ते पाहा. दुसरं हळू असतं आणि स्वस्त फोनमध्ये अजून आढळतं. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार, हे लेखी पाहा. जुन्या झालेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करणं म्हणजे कडी नसलेल्या दारामागं दागिने ठेवणं. आणि कॅमेऱ्याचे आकडे सगळ्यात शेवटी पाहा.

पण या सगळ्याच्या आधी एक कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाची कामं लिहा. मुलाची, मुलीची, सासूची, स्वतःचीही. गरजेपेक्षा भारी फोन घेणं ही उधळपट्टी, आणि गरज असलेल्याला न देणं हा माप मारण्याचा प्रकार.

गेल्या महिन्यात गल्लीतली एक भगिनी ब्लाउज शिवायला टाकायला आली. वीस हजारांत कुठला फोन चांगला, असं तिनं विचारलं. मी विचारलं, "कुणासाठी?" म्हणाली, "मुलासाठी, आयटीआयला गेलाय." मी मापं घेता घेता म्हटलं, "आणि सना यंदा दहावीला ना?" ती जरा थांबली. मग म्हणाली, "तिला काय, माझा आहे की जुना. कधी कधी बंद पडतो, पण चालवते." मी टेप खाली ठेवली आणि कॅलेंडरचं जुनं पान फाडून तिच्या हातात दिलं. दोघांची कामं लिहून आण म्हटलं, मग बघू. कागद अजून तिच्याकडंच आहे. परवा रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, सनाच्या बाजूची यादी लांब होत चाललीये.